नाव मोकळे आहे का? युजरनेम आणि डोमेन तपासण्याची रीत

नवे संकेतस्थळ, व्हिडिओ वाहिनी, छोटा व्यवसाय किंवा संस्था सुरू करताना नाव सुचले, की बहुतेक जण ते लगेच एखाद्या तपासणी-साधनाच्या चौकटीत टाकून पाहतात आणि हिरवी खूण दिसली की नाव मिळाले असे धरून चालतात. ही साधने उपयोगी आहेत, परंतु त्यांचे उत्तर हा त्या क्षणीचा अंदाज असतो. नाव खरोखर मोकळे आहे हे केवळ नोंदणी पूर्ण झाल्यावरच कळते. म्हणून या लेखात साधनांच्या ओळखीइतकाच भर त्यांचे उत्तर कसे वाचावे आणि कोणत्या क्रमाने पुढे जावे यावर दिला आहे.

शोधण्याआधी नावाचा साचा ठरवा

प्रत्येक सेवेचे युजरनेमचे नियम वेगळे असतात आणि एकच नाव सगळीकडे हवे असेल तर सर्वांत कडक नियमात बसणारे रूप आधीच ठरवावे लागते. एक्स, म्हणजे पूर्वीचे ट्विटर, जास्तीत जास्त 15 अक्षरे घेऊ देते आणि त्यांत रोमन अक्षरे, अंक व अंडरस्कोर यांपलीकडे काही चालत नाही. इन्स्टाग्रामवर 30 अक्षरांपर्यंत जाता येते आणि टिंबही चालते. रेडिटची मर्यादा 3 ते 20 अक्षरांची, यूट्यूबच्या हँडलची, म्हणजे तेथील युजरनेमची, 3 ते 30 अक्षरांची, तर गिटहबची 39 अक्षरांची आहे. गिटहबला जोडरेषा चालते, अंडरस्कोर चालत नाही. डोमेन नावातही, म्हणजे संकेतस्थळाच्या पत्त्यातही, हीच स्थिती आहे: दोन टिंबांमधील एका भागात 63 पर्यंत अक्षरे, त्यांत रोमन अक्षरे, अंक आणि जोडरेषा, मात्र जोडरेषा आरंभी किंवा शेवटी येता कामा नये. डोमेनमध्ये लहान-मोठ्या रोमन अक्षरांचा भेद मानला जात नाही.

या सर्व नियमांत एकाच वेळी बसणारे रूप शोधले तर निष्कर्ष सोपा निघतो. जोडरेषा एक्सवर अडते, अंडरस्कोर डोमेनमध्ये अडतो आणि टिंब दोन्हीकडे अडते, म्हणून केवळ रोमन अक्षरांचे, फार तर अंक असलेले आणि 15 अक्षरांच्या आत बसणारे नाव निवडावे. अंक शक्यतो टाळावेत, कारण ऐकणाऱ्याला तो आकडा लिहायचा की शब्दात लिहायचा हे कळत नाही.

मराठी नाव असेल तर याच टप्प्यावर थोडे अधिक थांबावे, कारण मराठी शब्दाचे रोमन लेखन एकच नसते. समजा, आपण ‘ज्ञानवेल’ असे नाव मनात धरले आहे. त्यातला ‘ज्ञ’ कोणी डी-एन-वाय-ए असा लिहील, कोणी जी-वाय-ए असा, तर कोणी जे-एन-ए असा. त्यापुढचा ‘आ’ एका ए ने दाखवावा की दोन, ‘वे’ साठी व्ही घ्यावा की डब्ल्यू, हे प्रश्न उरतातच. ‘ळ’, ‘ण’, दीर्घ ‘ई’ आणि ‘ऊ’, अकारान्त शब्दाच्या शेवटचा न उच्चारला जाणारा ‘अ’ या प्रत्येक ठिकाणी वाट फुटते. आपल्याला जे रूप शुद्ध वाटते तेच वाचक टंकेल असे नाही. म्हणून नाव दोन-तीन परिचितांना केवळ तोंडी सांगून ते रोमन लिपीत कसे लिहितात ते पाहावे. तिघांनी तीन रूपे लिहिली तर नाव बदलणे हा अनेकदा शहाणपणाचा मार्ग ठरतो. नाव अगदी आवडीचे असेल, तर सर्वांत जास्त लोकांनी लिहिलेले रूप मुख्य धरावे आणि दुसरे एखादे रूप डोमेन म्हणून घेऊन मुख्य पत्त्याकडे वळवावे. शब्द एकमेकांना चिकटवून लिहिल्यावर मधूनच एखादा भलता रोमन शब्द तयार होत नाही ना, हेही याच वेळी पाहावे. अंतर न सोडता लिहिलेले नाव दुसऱ्या कोणाकडून वाचून घेतले की हा दोष चटकन उघडा पडतो.

अशी तीन ते पाच नावे एका कागदावर पसंतीच्या क्रमाने लिहून मगच शोध सुरू करावा. एकाच नावात मन अडकले असेल तर साधनाने ‘नाही’ म्हटल्यावर माणूस त्याच नावाला आकडे आणि शेपट्या जोडत बसतो, आणि त्यातून निघालेले नाव सहसा कोणाच्याच लक्षात राहत नाही.

युजरनेम तपासणारी साधने

नेमचेक, नोएम, नेमचेकर, इन्स्टंट युजरनेम सर्च अशी संकेतस्थळे एका चौकटीत नाव घेतात आणि अनेक सेवांवर ते वापरात आहे की नाही याचा तक्ता दाखवतात. संगणकावर आज्ञा टंकून काम करण्याची सवय असलेल्यांसाठी शेरलॉक नावाचे मुक्तस्रोत साधन आहे. ते पायथन भाषेत लिहिलेले असून शेकडो संकेतस्थळे एका दमात तपासते.

ही साधने नेमके काय करतात हे समजले की त्यांच्या चुका आपोआप समजतात. बहुतेक सेवांवर सदस्याच्या पानाचा पत्ता ठरावीक असतो: सेवेचे नाव, तिरपी रेघ आणि त्यापुढे युजरनेम. साधन तो पत्ता मागवते. सर्व्हरने 200 हा संकेत दिला तर पान आहे, म्हणजे नाव घेतलेले आहे, आणि 404 दिला तर पान नाही, म्हणजे नाव मोकळे आहे, असा तर्क ते लावते. काही सेवांच्या बाबतीत पानावरील ‘सदस्य सापडला नाही’ अशा मजकुरावरून निर्णय होतो.

या तर्काला अनेक ठिकाणी तडा जातो. निलंबित केलेल्या किंवा मालकाने तात्पुरत्या बंद केलेल्या खात्याचे पान दिसत नाही, पण ते नाव नव्याने मिळत नाही. काही नावे सेवेने स्वतःसाठी राखून ठेवलेली असतात. मदत, व्यवस्थापन, सुरक्षा अशा अर्थांचे इंग्रजी शब्द त्यांत हमखास सापडतात. त्या नावांचे पान नसले तरी नोंदणीच्या वेळी नकार येतो. उलट बाजूने, काही सेवा अनोळखी पाहुण्याला प्रत्येक पत्त्यावर प्रवेशाचे पानच दाखवतात. तेव्हा सर्व्हरचा संकेत 200 असतो आणि मोकळे नावही घेतलेले दिसते. एकाच साधनाकडून हजारो मागण्या येत असल्यामुळे मोठ्या सेवा त्या साधनाला अधूनमधून अडवतात, आणि अशा वेळी तक्त्यात जे दिसते त्याला काहीच आधार नसतो.

म्हणून या साधनांचा उपयोग चाळणीसारखा करावा. पाच नावांपैकी जी दोन-तीन जवळजवळ सर्वत्र घेतलेली दिसतात ती बाजूला काढावीत आणि उरलेल्या नावांसाठी आपल्याला खरोखर वापरायच्या असलेल्या चार-पाच सेवा हाताने तपासाव्यात. ज्या सेवांची नावेही आपण ऐकलेली नाहीत अशा शंभर ठिकाणी नाव मोकळे असल्याने काही साधत नाही. आणखी एक दक्षता अशी की, तपासणीसाठी कोणत्याही साधनाला आपला पासवर्ड देण्याची किंवा आपल्या खात्याशी ते जोडण्याची गरज नसते. तशी मागणी झाली तर ते पान बंद करावे.

हाताने तपासण्याची खात्रीची जागा म्हणजे त्या सेवेचा नोंदणीचा अर्ज. नाव टंकताच तेथे जे उत्तर येते ते सेवेच्या स्वतःच्या माहितीसाठ्यातून आलेले असते. आपले खाते आधीच असेल तर नाव बदलण्याच्या रकान्यातही हीच तपासणी होते, पण तेथे जपून वागावे: ‘जतन करा’ दाबल्यास जुने नाव सुटते आणि काही सेवांवर ते लगेच दुसऱ्याला घेता येते. रेडिटवर एकदा निश्चित झालेले युजरनेम पुढे बदलताच येत नाही. ईमेलचे नावही याच वेळी पाहून घ्यावे. जीमेलमध्ये नावातील टिंबांना किंमत नसते, त्यामुळे टिंब घालून ‘वेगळे’ केलेले नाव प्रत्यक्षात तेच असते, आणि बंद करून पुसलेल्या खात्याचे नाव पुन्हा कोणालाही दिले जात नाही.

डोमेन: कोणाला विचारायचे?

डोमेनच्या बाबतीत स्थिती अधिक सुस्पष्ट आहे, कारण येथे प्रत्येक एक्स्टेन्शनची, म्हणजे पत्त्यातील शेवटच्या टिंबानंतरच्या भागाची, एकच अधिकृत वही असते. उदाहरणार्थ, डॉट कॉम या एक्स्टेन्शनची वही व्हेरिसाइन ही कंपनी सांभाळते. अशा वहीधारकाला रजिस्ट्री म्हणतात. आपण ज्यांच्याकडे पैसे भरून नाव नोंदवतो ते रजिस्ट्रार होत, आणि डॉट कॉम, डॉट नेट, डॉट ऑर्ग यांसारख्या सर्वसाधारण एक्स्टेन्शनांच्या रजिस्ट्री व रजिस्ट्रार यांच्यासाठी नियम ठरवणारी संस्था म्हणजे 1998 मध्ये स्थापन झालेली आयकॅन. दोन अक्षरी देशवाचक एक्स्टेन्शनांचे नियम मात्र त्या त्या देशातील व्यवस्था ठरवते.

ब्राउझरमध्ये पत्ता टाकला आणि पान उघडले नाही, म्हणजे नाव मोकळे आहे, ही नवशिक्यांची सर्वांत मोठी गैरसमजूत असते. नोंदणी करून संकेतस्थळ न उभारलेली नावे अगणित आहेत. काही केवळ ईमेलसाठी वापरली जातात, तर काही पुढे विकण्यासाठी धरून ठेवलेली असतात. त्यामुळे पाहायचे ते वहीत.

ही वही पाहण्याची जुनी पद्धत ‘हू इज’ या नावाची होती. सर्वसाधारण एक्स्टेन्शनांसाठी ती पुरवण्याचे बंधन 28 जानेवारी 2025 रोजी संपले आणि तिची जागा आरडॅप या पद्धतीने घेतली. नवशिक्याने यासाठी वेगळे काही शिकण्याची गरज नाही. आयकॅनच्या संकेतस्थळावरील ‘लुकअप’ या पानावर नाव टाकले की ते आरडॅपने उत्तर आणून देते. नाव नोंदलेले असेल तर रजिस्ट्रार कोण, नोंदणी केव्हा झाली, मुदत केव्हा संपते आणि सध्याची स्थिती काय, एवढे दिसते. मालकाचे नाव व पत्ता मात्र बहुधा झाकलेले असतात. 2018 मध्ये युरोपचा गोपनीयतेचा जीडीपीआर हा कायदा लागू झाल्यापासून हे सर्वत्र रूढ झाले आहे. नाव वहीत नसेल तर नोंद सापडली नाही असे उत्तर येते.

हे उत्तरही शंभर टक्के पुरेसे नाही, कारण रजिस्ट्रीने राखून ठेवलेले नाव वहीत नोंदलेले नसते, तरीही ते मिळत नाही. शेवटचा शब्द रजिस्ट्रारच्या खरेदीच्या टोपलीचा असतो: नाव टोपलीत टाकल्यावर रजिस्ट्रारची यंत्रणा थेट रजिस्ट्रीला विचारते. शोधाच्या चौकटीत झटपट दिसणाऱ्या सूचना साठवलेल्या माहितीवरून दिलेल्या असू शकतात, म्हणून टोपलीपर्यंत जाऊन पाहावे. तोपर्यंत पैसे द्यावे लागत नाहीत.

स्थितीचे शब्द कसे वाचावेत

आरडॅपच्या उत्तरातील ‘क्लायंट ट्रान्सफर प्रोहिबिटेड’ हा शब्दप्रयोग पाहून अनेक जण बिचकतात. त्याचा अर्थ एवढाच, की मालकाच्या परवानगीशिवाय नाव दुसऱ्या रजिस्ट्रारकडे हलवता येऊ नये म्हणून कुलूप लावलेले आहे. बहुतेक सर्व सांभाळलेल्या डोमेनांवर ते असतेच. आपल्या दृष्टीने महत्त्वाचे शब्द दोन: ‘रिडेम्प्शन पिरियड’ आणि ‘पेंडिंग डिलीट’.

डॉट कॉमसारख्या एक्स्टेन्शनमध्ये मुदत संपली त्याच दिवशी नाव मोकळे होत नाही. मुदतीनंतर 45 दिवसांपर्यंतचा सवलतीचा काळ असू शकतो आणि तो किती द्यायचा हे रजिस्ट्रारवर अवलंबून असते. नाव वगळल्यानंतर 30 दिवस जुन्या मालकाला जादा शुल्क भरून ते परत मिळवता येते. हाच रिडेम्प्शन पिरियड. त्यानंतर 5 दिवस नाव पेंडिंग डिलीट या स्थितीत राहते. त्या काळात कोणालाही काही करता येत नाही, आणि मग ते सर्वांसाठी खुले होते. म्हणजे मुदत उलटून गेलेले नाव दिसले म्हणून ते उद्या मिळेल अशी आशा धरू नये. शिवाय चांगले नाव असेल तर अनेक रजिस्ट्रार ते सुटण्याआधीच लिलावात काढतात, आणि सुटलेच तर ते पकडणाऱ्या स्वयंचलित सेवा क्षणार्धात पुढे येतात. माणसाने हाताने बटण दाबून त्यांना गाठणे जवळजवळ अशक्य आहे. माझ्या मते, नव्या कामासाठी अशा नावाची वाट पाहण्यापेक्षा यादीतील पुढचे नाव घेणे बरे.

किंमत आणि एक्स्टेन्शन

‘उपलब्ध’ या शब्दाखाली तीन वेगळ्या गोष्टी दडलेल्या असतात. एक म्हणजे नेहमीच्या दराने मिळणारे नाव. दुसरे म्हणजे रजिस्ट्रीनेच ‘प्रीमियम’ ठरवलेले नाव. त्याचा पहिल्या वर्षाचा दर मोठा असतो आणि काही एक्स्टेन्शनांमध्ये दर वर्षीचे नूतनीकरणही त्याच चढ्या दराने करावे लागते. तिसरे म्हणजे आधीच कोणाच्या तरी मालकीचे, पण विक्रीला ठेवलेले नाव. रजिस्ट्रारच्या पानावर ही तिन्ही शेजारी-शेजारी दिसू शकतात, म्हणून पैसे भरण्यापूर्वी पहिल्या वर्षाच्या दराशेजारी नूतनीकरणाचा दर शोधून पाहावा. आकर्षक सवलत पहिल्याच वर्षापुरती असणे हा नियम आहे, अपवाद नव्हे.

2012 मध्ये आयकॅनने नव्या एक्स्टेन्शनांसाठी अर्ज मागवल्यानंतर अशा शेपट्यांची संख्या हजाराच्या पुढे गेली आणि निवड सोपी होण्याऐवजी अवघड झाली. डॉट अ‍ॅप आणि डॉट डेव्ह यांच्यावरील संकेतस्थळे सुरक्षित जोडणीशिवाय ब्राउझर उघडतच नाहीत, हे घेण्याआधी माहीत असावे. लोकप्रिय असलेली दोन अक्षरी एक्स्टेन्शने प्रत्यक्षात देश-प्रदेशांची आहेत: डॉट टीव्ही हे तुवालूचे, डॉट एआय अँग्विलाचे, डॉट मी माँटेनेग्रोचे. त्यांच्या अटी स्थानिक निर्णयांनी बदलू शकतात. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यानंतर तेथील अनेक धारकांचा डॉट ईयू नावांवरील हक्क संपला, हे उदाहरण पुरेसे बोलके आहे.

देवनागरी डोमेनही घेता येतात, आणि येथे एक गंमत आहे: देवनागरीत लिहिलेले ‘डॉट कॉम’ आणि रोमन लिपीतले डॉट कॉम ही दोन स्वतंत्र एक्स्टेन्शने आहेत. देवनागरी नाव यंत्रणेच्या आत प्युनीकोड या पद्धतीने रोमन अक्षरांत रूपांतरित होते. असे रूप एक्स, एन आणि दोन जोडरेषांनी सुरू होते, आणि काही तपासणी-साधनांना तेच द्यावे लागते. देवनागरी पत्त्यावरचा ईमेल अजून सर्व सेवा स्वीकारत नाहीत, म्हणून अशा नावासोबत रोमन नावही घ्यावे.

नाव मोकळे आहे, पण घ्यावे का?

वहीत मोकळे असलेले नाव कायद्याच्या दृष्टीने मोकळे असतेच असे नाही. नोंदलेल्या व्यापारचिन्हाशी मिळतेजुळते डोमेन वाईट हेतूने घेतल्यास चिन्हाचा मालक 1999 पासून लागू असलेल्या यूडीआरपी या तंटानिवारण पद्धतीने ते काढून घेऊ शकतो. युजरनेमच्या बाबतीत मोठ्या सेवांकडे व्यापारचिन्हाची तक्रार करता येते. म्हणून जागतिक बौद्धिक संपदा संघटनेचा ‘ग्लोबल ब्रँड डेटाबेस’ आणि ‘टीएमव्ह्यू’ या दोन विनाशुल्क साठ्यांत नाव शोधावे आणि आपल्या देशाच्या व्यापारचिन्ह कार्यालयाची नोंदही पाहावी. तंतोतंत जुळणीबरोबरच उच्चारात जवळ असलेली नावेही पाहावीत, आणि व्यवसाय मोठा असेल तर जाणकार वकिलाचा सल्ला घ्यावा.

डोमेनचा पूर्वेतिहासही तपासावा. इंटरनेट आर्काइव्हच्या ‘वेबॅक मशीन’मध्ये पत्ता टाकला की त्यावर पूर्वी काय होते याची जुनी चित्रे दिसतात. जुगार, बनावट औषधे किंवा फसवणुकीसाठी वापरलेले नाव ईमेल गाळणाऱ्या यंत्रणांच्या काळ्या यादीत अडकलेले असू शकते आणि नव्या मालकाला त्याचा भुर्दंड बसतो. गूगलच्या ‘सेफ ब्राउझिंग’ स्थितीच्या पानावरही एकदा नजर टाकावी.

शोध आणि नोंदणी यांत अंतर नको

तपासलेले नाव दुसऱ्या दिवशी कोणीतरी घेतलेले आढळले, अशी तक्रार नेहमी ऐकू येते. बहुतेक वेळा तो योगायोग असतो, पण शंका निराधार नाही. 2008 मध्ये अमेरिकेतील एका मोठ्या रजिस्ट्रारने आपल्या पानावर शोधलेली नावे काही दिवसांसाठी स्वतःच नोंदवून ठेवण्यास सुरुवात केली होती. इतरांनी ती पळवू नयेत म्हणून हे केले, असे त्याचे म्हणणे होते, पण ग्राहकाला तोवर ते नाव दुसऱ्या रजिस्ट्रारकडून घेता येत नव्हते. प्रकरण न्यायालयात गेले. रजिस्ट्रारना नोंदवलेले नाव पाच दिवसांत विनाशुल्क रद्द करता येत असे; त्या सवलतीवर आयकॅनने मर्यादा आणल्यानंतर अशा खेळ्या परवडेनाशा झाल्या. तरीही शोध आयकॅनच्या पानावर किंवा ज्यांच्याकडून घ्यायचे त्याच रजिस्ट्रारकडे करावा, अनोळखी साधनांत पसंतीचे नाव टाकत फिरू नये, आणि निर्णय झाला की त्याच बैठकीत नोंदणी उरकावी.

त्या बैठकीचा क्रम मी असा सुचवेन: आधी डोमेन, मग ईमेल, मग सर्वांत महत्त्वाच्या सेवेवरचे युजरनेम आणि शेवटी उरलेली. डोमेनवर करारामुळे आपला हक्क नूतनीकरण करेपर्यंत टिकतो, तर युजरनेम हे सेवेच्या मर्जीवर असते. ब्लूस्कायसारख्या समाजमाध्यमावर तर स्वतःचे डोमेनच युजरनेम म्हणून वापरता येते. हवे असलेले युजरनेम कोणा निष्क्रिय सदस्याकडे असेल तर ते विकत देऊ करणाऱ्या मध्यस्थाला पैसे देऊ नयेत. अनेक सेवांच्या नियमांत अशी विक्री निषिद्ध आहे आणि खाते बंद झाले तर दाद मागता येत नाही. त्याऐवजी नावाच्या आधी किंवा नंतर एकच छोटा शब्द जोडून ते रूप सर्व ठिकाणी सारखे ठेवावे.

डोमेन नोंदवताना स्वतःचे खरे नाव आणि चालू ईमेल द्यावा. सर्वसाधारण एक्स्टेन्शनांसाठी पडताळणीचा ईमेल येतो आणि 15 दिवसांत तो मान्य न केल्यास नाव स्थगित होऊ शकते. हा ईमेल त्याच डोमेनवरचा नसावा, अन्यथा डोमेन बंद पडले की ते सोडवण्याचा मार्गही बंद होतो. मालक म्हणून आपलेच नाव लागले आहे याची खात्री करावी, विशेषतः नोंदणी संकेतस्थळ बनवणाऱ्याकडून करून घेतली असेल तेव्हा. द्विस्तरीय पडताळणी, हस्तांतरणाचे कुलूप आणि आपोआप नूतनीकरण या तिन्ही सोयी चालू कराव्यात. एका वेळी जास्तीत जास्त 10 वर्षांची नोंदणी करता येते.

नोंदणीनंतर काही काळाने, दुसरे कोणी आपलेच नाव अन्य एक्स्टेन्शनमध्ये घेत आहे, त्वरा करा, अशी पत्रे येऊ लागतात, किंवा अनोळखी कंपनीकडून नूतनीकरणाचे देयक येते. अशा पत्रातील दुव्यावर जाऊ नये. आयकॅनच्या लुकअप पानावर आपले डोमेन टाकून रजिस्ट्रारचे नाव आणि मुदतीची तारीख पाहावी, आणि पैसे भरायचेच असतील तर त्या रजिस्ट्रारच्या संकेतस्थळावर स्वतः पत्ता टंकून प्रवेश करून भरावेत.